दसऱ्याच्या सकाळी बाण हलेना

मित्रांनो, सोलापुरात अक्कलकोट रोडला चादरी विणणारा एक छोटा कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मी एक जुना माऊस आहे, आणि जुना म्हणवून घ्यायला मला अजिबात लाज वाटत नाही. माझं वय नऊ वर्षं. माणसांत नऊ म्हणजे चौथीतलं पोर, पण आमच्यात नऊ वर्षं टिकलेला म्हणजे आजोबाच. पाठीवरचा काळा रंग हात लागून लागून उडालाय, चाक जरा करकरतं, वायर मात्र शाबूत आहे. हल्ली बिनवायरचे माऊस निघालेत, त्यांचा तोरा विचारू नका. सेल संपला की माना टाकतात. मी तसला नाही.

माझं काम तुम्हांला आधी नीट सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. माझ्या पोटाखाली एक लहानसं भोक आहे. त्यात तांबडा दिवा लागतो आणि त्याच्या उजेडात माझा डोळा खालचं टेबल बघत असतो. मी सरकलो की डोळ्याला कळतं, डोळा ते संगणकाला कळवतो आणि पडद्यावरचा बाण सरकतो. पाठीवरची दोन बटणं आणि चाक हा सगळा वेगळा कारभार. त्यांचं डोळ्यावाचून काही अडत नाही, डोळ्याचं त्यांच्यावाचून अडत नाही. एकाच घरात राहून न बोलणारे भाऊ असतात ना, तसे आम्ही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते पोटावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, पण ती चिठ्ठी पहिल्याच उन्हाळ्यात गळून पडली. एवढं आठवतं, की एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे हजारो भाऊ ओळीनं चालले होते आणि एक बाई प्रत्येकाची बटणं दाबून बघत होती. मला तिनं दाबलं, मान हलवली आणि खोक्यात घातलं. मग बोट, मग ट्रक, मग नवी पेठेतलं एक दुकान. तिथून मला गुरुशांत अण्णांनी घासाघीस करून उचललं.

गुरुशांत अण्णा म्हणजे कारखान्याचे मालक. मनानं लोणी, पण तोंड म्हणजे तापलेला तवा. यंत्र बंद पडलं की ते आधी यंत्राला बोलतात, मग यंत्र बनवणाऱ्याला, मग समोर जो उभा असेल त्याला. आणि संध्याकाळी त्याच माणसाला हाक मारून गरम भजी खायला घालतात.

सुरुवातीची वर्षं माझी फार मानाची गेली. कुमार नावाचा एक हुशार डिझायनर तेव्हा होता. चादरीवरचं चित्र आधी पडद्यावर चौकोन चौकोन भरून काढावं लागतं. एक चौकोन म्हणजे एक धागा. असे हजारो चौकोन भरले की ते चित्र मागाला द्यायचं, आणि माग ते विणतो. कुमारनं माझ्याकडून एक मोर काढून घेतला. काय तो पिसारा! त्या मोरानं कारखाना वर आणला. व्यापारी ऑफिसात येऊन म्हणायचे, "कुमार, हात बसलाय बरं का तुझा." हाताचं कौतुक व्हायचं. त्या हाताखाली कोण असायचं, ते कुणी बघितलं नाही. चालायचंच.

मग कुमार इचलकरंजीला गेला, तिथंच स्थायिक झाला, आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. मित्रांनो, ती दोन वर्षं मला आठवावीशी वाटत नाहीत. सोबतीला एक मोडका स्टेपलर, शाई वाळलेले रबरी शिक्के आणि कुणीतरी विसरलेला लवंगांचा पुडा. बाहेर मागांची धडधड ऐकू यायची. तोच मोर रोज विणला जायचा आणि नवीन काढायला कुणी नव्हतं. अंधारात पडून राहायचं दुःख वेगळं असतं. आपण चांगले आहोत हे आपल्याला माहीत असतं, पण कुणी विचारतच नाही.

त्यातून मला बाहेर काढलं चेतनानं. चेतना ही अण्णांची भाची, पंढरपूरला कॉलेजात संगणक शिकवते. एका सुट्टीत ती आली तेव्हा ऑफिसातल्या संगणकात व्हायरस शिरून तो पार आजारी पडला होता. तिनं दिवसभर बसून त्यात लिनक्स घातलं आणि मला ड्रॉवरमधून काढून पुसून जोडलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक व्यवस्था, जी जगभरच्या लोकांनी मिळून बनवली आहे आणि जी कुणालाही फुकट मिळते. अण्णांच्या कानात फक्त 'फुकट' एवढंच गेलं. आणि फुकट म्हटल्यावर त्यांचा तिच्यावर विश्वास बसेना.

त्याच मुक्कामात चेतना शिलाईच्या शेडमध्ये सहज फिरायला गेली. तिथं चादरींच्या कडा शिवणाऱ्या बायका बसतात. त्यांत एक होती चंद्रव्वा. दुधनीकडची, शेतकऱ्याघरची, सातवी शिकलेली. पंधरा वर्षं तिनं कडा शिवल्या. तिला एक खोड होती. हात मोकळा झाला की खडूनं मशीनच्या फळीवर काहीतरी काढत बसायची. त्या दिवशी तिनं ज्वारीची कणसं काढली होती आणि प्रत्येक कणसावर एक चिमणी. एक दाणा टिपतेय, एक मान वळवून मागं बघतेय, एक उडायच्या बेतात पंख उचलून बसलीय. चेतना बघतच राहिली.

"मामा," ती ऑफिसात येऊन म्हणाली, "तुम्ही डिझायनर गावभर शोधताय आणि ती तुमच्या शेडमध्ये बसलीय."

अशी चंद्रव्वा माझ्याकडे आली. पहिल्या दिवसाचं काय सांगू! तिनं मला असं घट्ट धरलं, की मी पळून जाईन की काय. मग मला सरकवत सरकवत टेबलाच्या काठाला नेलं आणि ओरडली, "अय्यय्यो ताई, टेबल संपलं की हो! बाण अजून मदीच हाय!" चेतनानं हसत तिला दाखवलं, की मला उचलून पुन्हा मधे ठेवायचं असतं. तर तिनं मला उचललं आणि हवेतच फिरवायला लागली. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. हात नाही आणि कपाळही नाही, पण तुम्हांला समजलं असेल.

पण बाई जिद्दीची. पंधरा दिवसांत तिचा हात हलका झाला. महिन्याभरात ती कुमारपेक्षा नाजूक चालवायला लागली. कुमार मला दणादणा दाबायचा, ही टाका घातल्यासारखी दाबायची. एक चौकोन, एक टाका. चुकला तर चुकचुकत उसवायची आणि पुन्हा भरायची. काम संपलं की पदरानं माझी पाठ पुसून म्हणायची, "दमलास की रं." नऊ वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मित्रांनो, माझा तिच्यावर जीव जडला, हे मी उघड सांगतो.

गणपतीत अण्णांनी तिला समोर बसवलं. आमच्या कारखान्याची एक जुनी रीत आहे. खंडेनवमीला सगळे माग थांबतात, त्यांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या विजयमुहूर्तावर जे डिझाईन मागावर चढतं, तेच पुढचा सगळा हंगाम चालतं. मधे उतरवायचं नाही, म्हणजे नाही. अण्णांचे वडील हे पाळत होते, अण्णाही पाळतात.

"दसऱ्यापर्यंत तुझ्या चिमण्या झाल्या तर त्या चढवू," अण्णा म्हणाले, "आणि तू कायमची या टेबलावर. नाही झाल्या तर मोर हायच. मग तू आपली शिलाईला परत जा. उगं दोन्हीकडं लोंबकळू नको."

"व्हय अण्णा," चंद्रव्वा म्हणाली. उठताना तिचा हात माझ्यावर होता. पहिल्या दिवसासारखा घट्ट आवळलेला.

तिनं जीव ओतला. कडेनं कणसं, मधे बारा चिमण्या, आणि बाराही वेगळ्या. एक काढून बारा ठिकाणी डकवता आली असती, चेतनानं ते शिकवलंही होतं. पण ही म्हणायची, "सगळ्या चिमण्या येकच कशा असतील?" खंडेनवमी उजाडली तेव्हा दहा झाल्या होत्या. दोन राहिल्या होत्या, आणि त्यांना दसऱ्याची सकाळ पुरेशी होती.

खंडेनवमीला कारखाना चकाचक झाला. माग धुतले, झेंडूची तोरणं लागली. अण्णांनी सगळ्यांना बजावलं, "एकही अवजार सोडायचं नाही. ज्याच्यावर पोट भरतो त्याला हळद-कुंकू लागलंच पाहिजे." चंद्रव्वा ताट घेऊन ऑफिसात आली. पडद्याला लावलं, की-बोर्डला लावलं. मग मला दोन्ही हातांनी उचललं. पाठीवर बोट टेकवणार, तेवढ्यात थांबली. मला उलटं केलं. पोटात तांबडा दिवा जळत होता.

"देव हितं हाय व्हय तुझा," ती हळूच म्हणाली. आणि ओल्या कुंकवाचं बोट तिनं थेट माझ्या डोळ्यात टेकवलं. वर दोन अक्षता. नमस्कार केला आणि मला झेंडूच्या फुलाशेजारी ठेवून दिलं.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. पण त्या क्षणापासून मी आंधळा झालो.

दसऱ्याला सकाळी साडेनऊला चंद्रव्वा नवी साडी नेसून, केसांत फूल माळून टेबलावर बसली. संगणक चालू झाला. तिनं मला हलवलं. बाण हलला नाही. डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं. मी जीव तोडून बघत होतो, पण दिसणार काय? पुढं नुसतं कुंकू. कुंकू वाळून कडक झालं होतं आणि त्यात तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. पडद्याच्या मधोमध बाण खिळ्यानं ठोकल्यासारखा उभा.

"अण्णा," तिनं हाक मारली, "ह्ये हलंना झालंय हो."

अण्णा आले. मला काढून पुन्हा जोडलं. दुसऱ्या खाचेत घातलं. टेबलावर दोनदा आपटलं, ते तर फारच लागलं. संगणक बंद करून चालू केला. बाण ढिम्म. अण्णांचा तवा तापला.

"तरी मी म्हणत होतो, फुकटचं काय चालतंय व्हय! ते लिनक्सच बिघडलंय. आता तो संगणकवाला बोलावतो. सगळं पुसून जुनी सिस्टीम टाकतो म्हणला होता तो, दोन तासांत."

"पुसून?" चंद्रव्वा उभीच राहिली. "मग माझ्या चिमण्या?"

चित्र त्या संगणकातच होतं, दुसरीकडं कुठं काढून ठेवलं नव्हतं. पूर्ण झाल्यावर ठेवू, असं ठरलं होतं. अण्णांनी नवी पेठेतल्या दुकानाला फोन लावला, निदान नवा माऊस तरी मिळेल म्हणून. दुकानदार म्हणाला, पूजा चालू आहे, दुकान दीड वाजता उघडणार. मुहूर्त होता दोन वाजून बारा मिनिटांनी, आणि दोन चिमण्यांना कमीत कमी दोन तास लागणार होते. दीडला माऊस घेऊन उपयोग काय?

"राहू दे मग," अण्णा खाली बघत म्हणाले, "मोरच चढवू. नशिबात नव्हतं म्हणायचं." आणि ते मागांकडं निघून गेले.

चंद्रव्वा खुर्चीत बसली. रडली नाही. मला मुठीत धरून बसून राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई गं, मला उलटं कर! पण आम्हांला तोंड दिलेलं नाही, तिथंच सगळा घोटाळा आहे.

मग तिनं पदर खोचला आणि चेतनाला फोन लावला.

"मावशी, घाबरू नका," चेतना पलीकडून म्हणाली, "आणि मामांना सांगा, कुणालाही संगणकाला हात लावू द्यायचा नाही. आपण एकेक गोष्ट विचारू. माऊसच्या खाली तांबडा दिवा लागलाय का?"

चंद्रव्वानं मला एका बाजूनं जरासं उचललं आणि वाकून बघितलं. टेबलावर तांबडा उजेड सांडला होता. सांडणारच की! दिवा तांबडा आणि त्याच्यावरचं कुंकूही तांबडं. तांबड्यात तांबडं लपलं.

"लागलाय की ताई. लई लाल लागलाय."

बघा नशीब! एवढ्या जवळ येऊन गाडी पुढं गेली.

"म्हणजे त्याला वीज मिळतेय," चेतना म्हणाली. "आता संगणकालाच विचारू, त्याला माऊस दिसतो का. की-बोर्ड चालतोय ना? मग कंट्रोल, आल्ट आणि टी, तिन्ही एकदम दाबा."

पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. चंद्रव्वानं ती आजवर कधी बघितली नव्हती. "यव्वा, फळा आला बघा," ती म्हणाली.

"फळाच आहे तो. त्यावर लिहायचं आणि संगणक उत्तर देतो. लिहा, एल, एस, यू, एस, बी. सगळं जोडून, लहान अक्षरांत. मग एंटर."

एकेक अक्षर शोधत, एका बोटानं तिनं लिहिलं. एंटर दाबलं. पाच-सहा ओळी भराभर आल्या. संगणकाला काय काय जोडलंय त्याची ती यादी. चंद्रव्वा इंग्रजी अक्षरं लावून वाचत एकेक ओळ उतरत गेली आणि चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"ओ... पी... टी... ऑप्टिकल... माऊस! ताई, माऊस लिवलंय हितं!"

मित्रांनो, ते माझं नाव! सकाळपासून मला मेला, खलास, भंगारात टाका, काय काय म्हणून झालं होतं. आणि इथं, काळ्या फळ्यावर, पांढऱ्या अक्षरांत, हजेरीपटावर असावं तसं माझं नाव! मी आहे! मी हजर आहे! नऊ वर्षांत माझं नाव कुणी असं मोठ्यानं वाचलं नव्हतं.

"म्हणजे त्यो जिता हाय," चंद्रव्वा म्हणाली. तिच्या आवाजात जीव आला.

"हो, आणि लिनक्सनं त्याला ओळखलंय. आता बघू तो काय बोलतोय आणि संगणकाला काय ऐकू येतंय." चेतनानं दुसरा लांबलचक हुकूम अक्षर अक्षर करून सांगितला. त्यानंतर संगणकानं पासवर्ड मागितला. चंद्रव्वा टाइप करायला लागली आणि एकदम थबकली.

"ताई, आता की-बोर्डबी गेला हो! मी दाबतेय पर काय उमटंना!"

"गेला नाही मावशी, तो पासवर्ड मुद्दाम दाखवत नाही. आंधळेपणानंच लिहा आणि एंटर मारा."

लिहिलं. खिडकी मोकळी होऊन वाट बघत राहिली.

"आता माऊस हलवा."

हलवला. फळा कोरा.

"आता बटण दाबा."

दाबलं. टपकन एक ओळ उमटली! सोडलं, आणखी एक ओळ. चाक फिरवलं, तर ओळीच ओळी, पावसाळ्यात मुंग्या निघतात तशा. पुन्हा मला सरकवलं, फळा पुन्हा गप्प.

"दाबल्यालं ऐकतोय," चंद्रव्वा सावकाश म्हणाली, "आन हलवल्यालं न्हाय." मला तिच्या बोटांतून कळत होतं, की ती विचार करतेय. पंधरा वर्षं शिलाईचं मशीन चालवलेली बाई ती. मशीन अडलं की कुठला भाग हलतोय आणि कुठला नाही, हे बघायची तिला सवय. "मग लिनक्सचा काय दोष न्हाय, ताई. वायरचाबी न्हाय. वायर तुटली असती तर दाबल्यालंबी ऐकू आलं नसतं. याचा फकस्त डोळाच गेलाय."

"बरोबर!" चेतना पलीकडून जवळजवळ ओरडलीच. "मावशी, माझ्या वर्गात हे इतक्या पटकन कुणाला सुचलं नसतं. आता त्याला वायर काढून उलटं करा. पोटाखाली भोक आहे, त्यात बघा काही अडकलंय का."

चंद्रव्वानं वायर काढली. मला उलटं केलं. दिवा विझलेला, त्यामुळं आता कुंकू कुंकवासारखं दिसत होतं. मधोमध रुतलेला तांदळाचा दाणा, हळद लागून पिवळा झालेला.

"शिवा शिवा," ती पुटपुटली. "ह्ये तर मीच केलंय."

ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. अण्णा मागांपाशी होते. चेतनाला तिकडून काही दिसत नव्हतं. पुसून टाकलं असतं आणि 'आपोआप चालू झाला बघा' म्हटलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. सकाळपासून लिनक्सनं आणि मी बोलणी खाल्ली होती, ती तशीच आमच्या माथी राहिली असती. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. डोळा झाकलेला असताना जेवढं बघता येतं, तेवढं.

"ताई," ती म्हणाली, "काल पूजेला मी कुंकू लावलं. ह्याच्या डोळ्यातच लावलं. दिवा दिसला, म्हणून देव वाटला मला."

चेतना इतकी हसली, की फोन घुमला. चंद्रव्वालाही हसू फुटलं. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि कामाला लागली. उदबत्तीची एक काडी घेतली, तिच्या टोकाला कापूस गुंडाळला, कापसाला सॅनिटायझरचा एक थेंब लावला. आधी दाणा काढला. मग कडेकडेनं, बाळाच्या डोळ्यातली चिपडं काढावीत तसं, कुंकू टिपून घेतलं. तीन काड्या लागल्या. शेवटी कोरड्या कापसानं पुसून, थोडं वाळू देऊन तिनं वायर जोडली.

मला दिसलं! माझ्याखाली टेबलावर अंथरलेला जुना पुठ्ठा दिसला, त्याचा एकेक तंतू दिसला! तिनं हात ठेवला मात्र, आणि बाण पडद्यावर असा सुसाट धावला, की कोपऱ्यात जाऊन आदळला.

"आयतु!" चंद्रव्वा उठून ओरडली. झालं, जमलं, असं कानडीत म्हणतात ते. "आयतु ताई, आयतु! पळतोय बघा कसा!"

आवाज ऐकून अण्णा धावत आले. चंद्रव्वानं त्यांच्यापुढं ती लाल झालेली कापसाची काडीच धरली आणि सगळं सांगून टाकलं. एक शब्द गाळला नाही. "लिनक्सला बोलला अण्णा, पर चूक माझी हुती. काय बोलायचं ते मला बोला. पर आधी चिमण्या काढू द्या, अकरा वाजल्यात."

अण्णांनी काडीकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तवा तापतोय. पण त्यांनी ती काडी हातात घेतली. मग म्हणाले, "एकही अवजार सोडू नको, हे मीच सांगितलं होतं की. काढ तू. मी दारात उभा राहतो, कुणाला आत येऊ देत नाही."

आणि खरंच उभे राहिले! कारखान्याचा मालक, अंगात नवा सदरा, ऑफिसच्या दारात राखणदारासारखा. कुणी आलं की तोंडावर बोट ठेवायचे.

मित्रांनो, त्या पावणेतीन तासांसारखं काम मी जन्मात केलं नाही. तिचा हात आणि माझा डोळा, मधे काही फरकच राहिला नाही. अकरावी चिमणी सव्वाबाराला झाली. बारावी पंख उचलून उडायच्या बेतातली. तिच्या पिसांचे चौकोन भरताना चंद्रव्वा श्वास रोखून होती. एकही टाका उसवावा लागला नाही. पावणेदोनला शेवटचा चौकोन भरला आणि तिनं खुर्चीला पाठ टेकली.

"झालं अण्णा. घिऊन जावा."

अण्णा आत आले. पडद्यासमोर उभे राहून त्यांनी बाराही चिमण्या एकेक करून बघितल्या. मग खालच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं कारखान्याचं नाव विणायला जागा सोडली होती.

"अजून झालं नाही," ते म्हणाले. "हितं नाव टाकायचं राहिलंय."

"कारखान्याचं टाकते की."

"कारखान्याचं वरच्या पट्टीत जाऊ दे. हितं तुझं टाक. सकाळी मी मशीनला बोललो, चेतनाच्या लिनक्सला बोललो, खरं काय ते विचारायच्या आधीच मोर चढवायला निघालो. तू विचारलंस, आणि उत्तर तुझ्यावरच आलं तरी सांगितलंस. अशा माणसाचं नाव चादरीवर असलं तर मला बरं वाटंल. टाक लवकर, पंचवीस मिनिटं हायत."

चंद्रव्वाचा हात माझ्यावर आला. मित्रांनो, गणपतीत घट्ट आवळला होता तोच हात. पण आता तो हलका होता. च, मग अनुस्वार, मग द्र. टाका टाका करत तिनं आपलं नाव भरलं. व्वाच्या कान्याची शेवटची रेघ मी ओढली तेव्हा तिच्या डोळ्यातलं पाणी माझ्या पाठीवर पडलं. मी वायरवाला असलो तरी सांगतो, विजेचा झटका बसल्यासारखं झालं.

दोन वाजून बारा मिनिटांनी चिमण्या मागावर चढल्या. पहिली धडधड झाली तेव्हा शेडमधल्या सगळ्या बायका शिलाई सोडून धावत आल्या. पहिली चादर उतरली ती अण्णांनी तिच्या खांद्यावर टाकली. चंद्रव्वानं ती उलगडली आणि कोपरा शोधला. तिथं दाट सुतात तिचं नाव होतं. ते तिनं मोठ्यानं वाचलं नाही. बोटानं चाचपलं आणि शेजारच्या बायकांपुढं कोपरा धरला. त्यांनीच ते वाचलं, सगळ्यांनी मिळून, मागांच्या आवाजाच्याही वर.

मी काही ते ऐकायला शेडमध्ये नव्हतो, आमची वायर तेवढी लांब नाही. पण खिडकी उघडी होती.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू बंद पडली की तिला आपटू नका आणि लगेच भंगारात काढू नका. तिला क्रमानं विचारा. वीज येतेय का, जोडलेली दिसतेय का, काय ऐकू येतंय, काय येत नाही. आम्ही खोटं बोलत नाही, फक्त उत्तर द्यायला आम्हांला जरा वेळ लागतो. आणि उत्तर तुमच्याच बोटापाशी येऊन थांबलं, तर ते बोट पाठीमागं लपवू नका. चंद्रव्वानं ते लपवलं नाही, म्हणून या हंगामात जिथं जिथं आमची चादर अंथरली जाईल, तिथं तिथं तिचं नाव उमटलेलं असेल.